‘नशा करणारा’ म्हणजे नेमका कोण?

मला बंदुका आवडत नाहीत. जगातल्या कुठल्याही घरातली एक बंदूक कमी झाली तर मला बरंच वाटेल. म्हणूनच अमेरिकेतल्या एका कायद्याचा विचार करताना मी स्वतःला जरा थांबवतो. परिणाम आपल्या मनासारखा असला, की कायदा कशाच्या जोरावर उभा आहे हे आपण बघत नाही.

किंग आणि रॉबर्ट केनेडी यांच्या हत्यांचं वर्ष, १९६८. त्याच वर्षी अमेरिकेत ‘गन कंट्रोल अ‍ॅक्ट’ आला. आजच्या रूपात तो सांगतो, की अमली पदार्थांचं बेकायदा सेवन करणाऱ्याने किंवा व्यसनी माणसाने बंदूक बाळगायची नाही. शिक्षा १५ वर्षांपर्यंत. माजी अध्यक्ष जो बायडन यांचा मुलगा हंटर यात अडकला. कोकेनच्या व्यसनात असताना, २०१८ मध्ये, फॉर्मवर ‘नाही’ लिहून त्याने रिव्हॉल्व्हर घेतलं. ते त्याच्याकडे जेमतेम ११ दिवस होतं. जून २०२४ मध्ये ज्यूरीने त्याला दोषी ठरवलं, डिसेंबरमध्ये वडिलांनी माफी दिली.

ज्याचे वडील अध्यक्ष नाहीत, त्याचं काय? २०२२ मध्ये मिसिसिपीत पोलिसांनी एक गाडी थांबवली. आत गांजाची थोटकं आणि दोन भरलेल्या बंदुका. महिन्यातून साधारण १४ दिवस गांजा ओढतो, असं त्या माणसाने सांगितलं. त्या क्षणी तो नशेत होता का, हे कुणी तपासलंच नाही. शिक्षा झाली जवळपास चार वर्षं. पुढे अपील कोर्टाने ती रद्द केली. नशेत असलेल्या माणसाच्या हातातलं शस्त्र काढून घेण्याला इतिहासात आधार आहे, पण एरवी नशा करतो म्हणून शुद्धीतल्या माणसाचं शस्त्र काढून घेण्याला नाही, असं कोर्टाचं म्हणणं. २०२५ मध्ये असाच प्रश्न सुप्रीम कोर्टाने सुनावणीला घेतला.

आपल्याकडे बंदूक हा हक्क नाही, परवाना आहे. म्हणून हा वाद लांबचा वाटतो. पण ‘बेकायदा सेवन करणारा’ ही जात किती मोठी होऊ शकते ते बघा. महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी कायद्यानुसार दारू प्यायलाही परवाना लागतो. शनिवारी मित्रांसोबत बिअर पिणाऱ्या किती जणांच्या खिशात तो असतो? उद्या कुणी म्हणालं, की परवान्याशिवाय पिणाऱ्यांना अमुक हक्क नाही, तर त्या यादीत तुम्ही कुठे असाल?

‘धोकादायक लोकांच्या’ याद्या नेहमीच सत्तेने केल्या आहेत. इंग्लंडमध्ये एकेकाळी कॅथलिकांची शस्त्रं काढून घेतली गेली. अमेरिकेत गुलामांना आणि अनेक ठिकाणी स्वतंत्र कृष्णवर्णीयांनाही शस्त्रबंदी होती. त्यांनी काय केलं हे कुणी विचारलं नाही, ते कोण आहेत एवढंच पाहिलं.

तरी एक गोष्ट मला स्वस्थ बसू देत नाही. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. सकाळी शुद्धीत असलेला माणूस रात्री नसतो, आणि बंदूक दोन्ही वेळा त्याच कपाटात असते. ‘आत्ता नशेत आहे का’ हा प्रश्न रस्त्यावर पोलिसाला विचारता येतो. घरात, मध्यरात्री, कोण विचारणार?

या पेचातून मला दिसणारी वाट अशी: माणसाचा प्रकार बघू नका, माणूस बघा. त्याने कुणाला धमकावलंय का, स्वतःला इजा करायचा प्रयत्न केलाय का, व्यसनाने तो भान हरपलाय का, हे न्यायाधीशासमोर दाखवा. बंदूक घ्या, पण मुदत ठरवून, आणि सावरल्यावर परत मिळवायचा रस्ता ठेवून. घरगुती हिंसाचाराच्या प्रकरणात कोर्टाने धोकादायक ठरवलेल्याला काही काळ निःशस्त्र करता येतं, हे २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने ८ विरुद्ध १ मतांनी मान्य केलंच आहे.

यात धोका आहे. पुरावा गोळा होईपर्यंत एखादी गोळी सुटेल. सरसकट बंदीने ती कदाचित थांबली असती. पण त्याच बंदीमुळे मदत हवी असलेला माणूस डॉक्टरकडेही खरं बोलायला बिचकेल, कारण ‘मी व्यसनी आहे’ हे वाक्यच गुन्ह्याचा पुरावा ठरतं. ज्याला सावरायचं आहे, त्याला निदान एवढं वाक्य तरी न घाबरता बोलता यायला हवं.