ड्रॅगनचे कातडे आणि दधीचीची हाडे

ड्रॅगन माणसाने निर्माण केला तो भिण्यासाठी. पण मारल्यावर त्याचे करायचे काय, हा प्रश्नही माणसालाच पडला. १९७४ साली अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ निघाला. चार मित्र टेबलाभोवती बसतात, कोणी वीर होतो, कोणी मांत्रिक. फासे पडतात आणि ड्रॅगन मरतो. मग खरी गंमत! खवल्यांचे चिलखत, दातांचे खंजीर, रक्ताचे औषध. वर्गात मी हा खेळ सांगितला, तेव्हा एका मुलाने पंखांचा तंबू ठोकला, दुसऱ्याने पोटातली आग आईच्या चुलीला दिली. मला या कल्पकतेचे कौतुकच वाटले. जो कधी जगलाच नाही, त्याला दुखणार काय?

परंतु ड्रॅगनचे नाव लावणारा एक प्राणी खरोखरच जगतो. इंडोनेशियातला ‘कोमोडो ड्रॅगन’ आणि आमच्या यवतमाळकडच्या धुऱ्यावर ऊन खात पडलेली घोरपड, ही एकाच कुळातली. तिच्याही बाबतीत आपण कल्पक आहोत. तिचे कातडे दिमडीवर चढले, चरबीचे तेल सांध्यांना लागले. नराचे जननेंद्रिय वाळवून ‘हाथाजोडी’ नावाची मुळी म्हणून विकतात; लोक ती भरभराटीसाठी गल्ल्यात ठेवतात! १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला पहिल्या अनुसूचीत घातले आहे. तरी हा बाजार चालतो.

उपयोग हेच पाप, असे मी म्हणणार नाही. माझ्या पायांत चामड्याची चप्पल आहे. माझे म्हणणे एवढेच, की उपयोग शोधताना वस्तू दिसते आणि प्राणी दिसेनासा होतो. चीनमध्ये ‘ड्रॅगनची हाडे’ म्हणून जुनी हाडे कुटून औषधात घालीत. १८९९ च्या सुमारास पंडितांच्या ध्यानात आले, की त्यांतल्या काहींवर अक्षरे कोरलेली आहेत; तीन हजार वर्षांपूर्वीच्या शांग राजवटीची! तोवर किती वाक्ये रोग्यांच्या पोटात गेली, देव जाणे. जिवंत घोरपडीच्या अंगावरही असेच काही लिहिलेले असते. किडे आणि उंदीर खाऊन ती शेताचे राखण करते, हे त्यातले आपल्याला वाचता येणारे एक वाक्य.

आपल्या पुराणांनीही हा प्रश्न हाताळला आहे. वृत्राला वेदांत ‘अहि’, म्हणजे सर्प, म्हटले आहे. तो आपल्याकडचा ड्रॅगनच. त्याला मारायला वज्र हवे होते, आणि ते दधीची ऋषींच्या हाडांचे व्हायचे होते. देवांनी ऋषींना गाठून मारले नाही. त्यांच्यापुढे हात जोडून हाडे मागितली. दधीचींनी देह ठेवला आणि मगच वज्र घडले. हाडांचा उपयोग झालाच. पण त्याआधी विचारणे झाले.

कल्पकतेची दोन अंगे आहेत. कातड्यात दिमडी पाहणे हे एक. त्या कातड्याखाली आपण असतो तर, असे पाहणे हे दुसरे. मुलांना पहिले उपजत येते. दुसरे शिकवावे लागते, आणि खेळातला ड्रॅगन त्यासाठी वाईट धडा नाही. त्यांनी तंबू खुशाल ठोकावा. फक्त ड्रॅगनला आधी विचारले होते का, एवढे एकदा मनात यावे. घोरपडीला ‘हो’ म्हणता येत नाही. तिच्या वतीने ‘नाही’ म्हणणारे कोणीतरी गावात असले पाहिजे.