चिठ्ठी आणि विवेक

साताऱ्याचे माण-खटाव काय किंवा सांगलीचे जत-आटपाडी काय, तेथील माळावर दगड उचलताना हात जपावा लागतो, हे कुणा शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. विंचू उतरविणारा जाणकार पूर्वी पंचक्रोशीत असेच. त्याच्या मंत्राने पुष्कळांना गुण येई, कारण बहुतेक विंचवांच्या दंशाने केवळ वेदना होतात. लाल विंचवाचे तसे नाही. त्याच्या विषाने शरीरात संप्रेरकांचा लोंढा उसळतो. रक्तवाहिन्या आवळतात, हातपाय गार पडतात, हृदय थकते आणि फुप्फुसांत पाणी भरते. खेळते मूल रातोरात दगावते.

महाबळेश्वरहून आंबेनळी घाट उतरले की पोलादपूर व पुढे महाड लागते. याच तालुक्यात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी असे रुग्ण पाहिले आणि प्राझोसिन ही रक्तदाबावरची साधी गोळी त्यांना दिली. आवळलेल्या रक्तवाहिन्या ती सैल करते. या उपचारावरील त्यांचा व डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांचा लेख १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला.

एका आजाराचे औषध दुसऱ्याच संकटात मरणोन्मुख लेकराला द्यावे, हा उपचार की प्रयोग? माझ्या मते विषाचे कार्य ओळखून आणि दुसरा परिणामकारक उपाय हाताशी नसताना दिलेले औषध हा उपचारच होय. मात्र जे घडले ते जगापुढे मांडण्याचे ऋण डॉक्टरवर राहते.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. पुढे विंचवाच्या विषावर प्रतिविष निघाले. त्याची परीक्षा महाडला ७० रुग्णांवर झाली व २०११ साली प्रसिद्ध झाली. ३५ जणांना प्राझोसिनसह प्रतिविष, ३५ जणांना नुसते प्राझोसिन. कोण कोणत्या गटात, हे जणू चिठ्ठी टाकून ठरले! आपले लेकरू चिठ्ठीच्या हवाली कोण करील? पण प्रतिविष घोड्याच्या रक्तातून येते. त्याचीही बाधा होऊ शकते. अधिक हितकर काय, हे तेव्हा ठाऊक नव्हते, आणि सिद्ध औषधापासून कुणालाही वंचित ठेवले नव्हते. म्हणून ही चिठ्ठी मला अन्याय्य वाटत नाही. तरी भेदरलेल्या बापाने मध्यरात्री दिलेली संमती कितपत मोकळी असते, ही शंका मनातून जात नाही.

दहा तासांत पहिल्या गटातले ३२ जण पूर्ण बरे झाले. दुसऱ्यातले केवळ ८. उरलेल्या सत्तावीस जणांनी अधिक काळ सोसले, तेव्हा हे ज्ञान पुढच्यांच्या पदरी पडले.

आणि ती गोळीही निर्धोक नाही. पहिल्या मात्रेनंतर रक्तदाब एकदम उतरू शकतो. मुलाला आडवेच ठेवावे लागते. रडते लेकरू कडेवर घेऊ नका, हे त्याच्या आईला तिच्या बोलीत, हात धरून समजवावे लागते.