चाहूल आणि चित्र

नदी वाहते ती दिसते. मोट चालते ती दिसते आणि ऐकूही येते. जाते फिरत असेल तर माजघरात निजलेल्या माणसालाही ते कळते, आणि त्याची घरघर अचानक थांबली तर त्या थांबण्यानेच त्याला जाग येते. माणसाने शतकानुशतके जी साधने वापरली त्यांच्या क्रियेला स्वतःचे रूप होते, स्वतःचा नाद होता. क्रिया आणि तिची खूण या दोन वेगळ्या वस्तू नव्हत्या. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संगणकाने हा संबंध तोडला. आरंभीच्या काही संगणकांना ध्वनिक्षेपक जोडलेला असे आणि त्याच्या सुरावरून यंत्र कामात आहे की एकाच जागी घोटाळत आहे हे चालकाला ओळखता येई. पुढे यंत्रे वेगवान झाली, लहान झाली आणि मुकी झाली. आज एका पेटीत शेकडो कामे एकाच वेळी चाललेली असतात आणि बाहेरून पाहणाऱ्याला त्यांतले एकही दिसत नाही.

या अदृश्य कामांना संगणकशास्त्रात ‘प्रोसेस’ अशी संज्ञा आहे. आज्ञावली लिहून ठेवलेली असते तोवर ती संहिता असते. ती चालू लागली की प्रोसेस होते. संहिता आणि प्रयोग यांतील भेद नाट्यशास्त्राच्या अभ्यासकाला नवा नाही. १९६९ पासून घडत गेलेल्या युनिक्स या प्रणालीत प्रत्येक चालत्या प्रोसेसला एक क्रमांक मिळतो. तिला जन्म देणारी दुसरी प्रोसेस तिची ‘पालक’ ठरते. पालक आधी संपली तर मागे उरलेली ‘अनाथ’ होते. काम संपूनही जिची नोंद पुसली गेलेली नाही तिला ‘झाँबी’ म्हणतात. आणि एखादीला संपवण्याची आज्ञा ‘किल’ या शब्दाने दिली जाते. ज्याला रूप नाही त्याच्याविषयी बोलताना अभियंत्यांनाही कुटुंबाची, जन्ममृत्यूची भाषा उसनी घ्यावी लागली. ही उसनवारी अपरिहार्य होती, आणि प्रस्तुत प्रश्नाचे मूळही तेथेच आहे.

जी क्रिया स्वतः दिसत नाही तिचे चित्र काढायचे म्हटले की ते चित्र रूपकच असते. नदीचे चित्र नदीसारखे आहे की नाही हे नदीकडे पाहून ठरवता येते. प्रोसेसचे चित्र कशाशी ताडून पाहायचे? उपमेय अदृश्य असल्यामुळे सारा भार उपमानावर पडतो. उपमान कोणते निवडले यावर पाहणाऱ्याची वृत्ती ठरते, आणि वृत्तीवर त्याची कृती. म्हणून हा प्रश्न केवळ तंत्राचा राहत नाही. तो औचित्याचा होतो, आणि अंतिमतः नीतीचा.

दोन उदाहरणे पाहण्यासारखी आहेत. १९९५च्या सुमारास कॅलिफोर्नियातील झेरॉक्स पार्क या संशोधनसंस्थेत नताली जेरेमिजेंको या कलावतीने छतापासून सुमारे आठ फूट लांबीची प्लास्टिकची दोरी टांगली. तिच्या वरच्या टोकाला एक लहान विजेची मोटर होती आणि ती मोटर कार्यालयातील संगणकजालाच्या तारेला जोडलेली होती. तारेतून माहिती वाहू लागली की दोरीला झटका बसे. वाहतूक वाढली की दोरी गरगरे आणि तिचा आवाज होई. रात्री सामसूम झाली की ती अधूनमधून नुसती थरथरे. कामात गढलेल्या माणसाला तिच्याकडे पाहण्याची गरज नव्हती. डोळ्याच्या कडेने, कानाच्या कोपऱ्याने ती त्याला ठाऊक असे. त्याच संस्थेतील मार्क वायझर आणि जॉन सीली ब्राउन यांनी या दोरीच्या निमित्ताने ‘शांत तंत्रज्ञान’ ही कल्पना मांडली.

दुसरे उदाहरण १९९९चे. ‘डूम’ हा राक्षसांना गोळ्या घालण्याचा संगणकीय खेळ तेव्हा लोकप्रिय होता. अमेरिकेतील न्यू मेक्सिको विद्यापीठातील डेनिस चाओ यांनी त्याचे असे रूपांतर केले की यंत्रात चालू असलेली प्रत्येक प्रोसेस पडद्यावर एक राक्षस होऊन उभी राहावी. राक्षसाला जखमी केले की प्रोसेसची गती मंदावे. ठार केले की ती बंद पडे. व्यवस्थापनाचे काम खेळ झाले. पण लवकरच असे आढळले की राक्षस एकमेकांवरही तुटून पडतात आणि ज्यांच्यावाचून यंत्र चालणारच नाही अशा प्रोसेसही त्या झटापटीत बळी पडतात. रूपकाने स्वतःचा स्वभाव वस्तूवर लादला. दोरीने पाहणाऱ्याला शेजारी केले होते. राक्षसांनी त्याला शिकारी केले. आत चालणारे काम दोन्हीकडे सारख्याच जातीचे होते.

मराठीत या भेदासाठी एक नेमका शब्द आहे: चाहूल. चाहूल म्हणजे दर्शन नव्हे, वार्ताही नव्हे. कोणीतरी आहे, काहीतरी चालले आहे, एवढेच ती सांगते, आणि पुढचे जाणून घ्यायचे तर उठून जावे लागते. काव्यशास्त्राच्या परिभाषेत चित्र वाच्यार्थ देते आणि चाहूल व्यंजनेने काम करते. चाहूल मोघम असते म्हणून बेजबाबदार असते, असा आक्षेप यावर येऊ शकेल. पण शस्त्रक्रियागृहात रुग्णाच्या रक्तातील प्राणवायू मोजणारे यंत्र नाडीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर एक स्वर काढते आणि प्राणवायू घटू लागला की तो स्वर खाली उतरतो. शल्यविशारदाची नजर जखमेवर असते, कान स्वराकडे असतो. येथे चाहूल मोघम नाही. ती नेमकी आहे आणि तिने लक्ष जागेवरून हलू दिलेले नाही.

बंगळूर शहराला हा प्रश्न विशेष लागू पडतो. दूरदेशीच्या बँकांची, दुकानांची, विमान कंपन्यांची यंत्रे चालती आहेत ना, यावर नजर ठेवण्याचे काम येथील असंख्य माणसे रात्रपाळीत करतात. भिंतभर पडदे, त्यांवर हिरवे-तांबडे चौकोन. याच शहरात पीण्या येथे इस्रोचे ‘इस्ट्रॅक’ हे केंद्र आहे आणि शहराबाहेर ब्यालालू येथे ३२ मीटर व्यासाची थाळी अंतराळातील क्षीण संदेश टिपते. २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळयान कक्षेत शिरत होते. त्याचे मुख्य इंजिन सुमारे २३ मिनिटे चालले. जुन्या मंगलकार्यात पाण्यावर ठेवलेले घटिकापात्र भरून बुडायला जेवढा वेळ लागे, जवळजवळ तेवढाच. इंजिन चालू असतानाच यान मंगळाआड गेले आणि संदेश थांबले. शिवाय मंगळाहून निघालेला संदेश पृथ्वीवर पोचायला त्या दिवशी सुमारे साडेबारा मिनिटे लागत होती. पडद्यासमोर बसलेले लोक जे ‘आता’ म्हणून पाहत होते ते घडून गेलेले होते. ही गोष्ट त्यांना पुरती ठाऊक होती, म्हणूनच त्यांचे पाहणे डोळस होते.

पाच वर्षांनी, ७ सप्टेंबर २०१९च्या पहाटेपूर्वी, याच केंद्रातील पडदा साऱ्या देशाने दूरचित्रवाणीवर पाहिला. चंद्रयान-२चा ‘विक्रम’ हा अवतरक चंद्रावर उतरत होता. पडद्यावर नियोजित मार्गाची रेषा होती आणि तिच्यालगत सरकणारा प्रत्यक्षाचा ठिपका. तो ठिपका रेषेपासून ढळला आणि थांबला. इस्रोने जाहीर केले की २.१ किलोमीटर उंचीपर्यंत अवतरण अपेक्षेप्रमाणे झाले आणि नंतर संपर्क तुटला. कोट्यवधी लोकांनी एक ठिपका थांबलेला पाहिला. पण थांबला होता तो ठिपका. अवतरक थांबलेला नव्हता, तो पडतच होता. चित्र थांबले याचा अर्थ वस्तू थांबली असा नव्हता. वस्तूकडून येणारे शब्द थांबले, एवढाच होता. तो नियोजित स्थळापासून ५०० मीटरच्या आत आदळला, असे त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये संसदेला सांगण्यात आले. त्याचे अवशेष चेन्नईच्या षण्मुग सुब्रमण्यन या अभियंत्याने नासाने प्रसिद्ध केलेल्या छायाचित्रांची आधीची व नंतरची रूपे ताडून शोधले, आणि डिसेंबरमध्ये नासाने त्याला दुजोरा दिला. जे हलत्या चित्राने सांगितले नाही ते स्थिर चित्रांवर खर्चलेल्या चिकाटीने सांगितले. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रयान-३ उतरले तेव्हा ठिपका पुन्हा रेषेवरून चालला आणि अखेरपर्यंत पोचला. त्या यशामागे पहिल्या ठिपक्याच्या थांबण्याचा केलेला कसून अभ्यास होता.

दर्शकाने काय दाखवले आणि काय दाखवले नाही, हा विवेक सुटला की काय होते याचे उदाहरण अमेरिकेतील थ्री माइल आयलंड अणुवीजकेंद्राने २८ मार्च १९७९ रोजी दिले. तेथील एक झडप उघडी अडकली होती आणि तिच्यातून शीतक बाहेर जात होते. नियंत्रणकक्षातील दिवा मात्र झडप मिटल्यासारखा वागत होता. कारण तो दिवा झडपेच्या स्थितीला जोडलेला नव्हता. झडप मिटवण्याच्या आज्ञेला जोडलेला होता. आज्ञा सुटली होती, म्हणून दिवा विझला. आज्ञा दिली गेली आणि आज्ञा पाळली गेली या दोहोंतील अंतर त्या दिव्याने मिटवले, आणि समोरच्या माणसांनी दिव्यावर विश्वास ठेवला.

यंत्राला कोणी पाहिले म्हणून यंत्राचा अपमान होत नाही. पण तेच तंत्र माणसाकडे वळवले जाते तेव्हा प्रश्नाचे स्वरूप पालटते. कॉल सेंटरच्या भिंतीवरील फलक किती दूरध्वनी ताटकळत आहेत, किती कर्मचारी बोलत आहेत आणि किती मोकळे आहेत हे क्षणोक्षणी सांगतो. २०२०च्या साथीनंतर पुष्कळांचे काम घरी गेले तेव्हा प्रत्येक नावाशेजारी एक हिरवा ठिपका आला: माणूस जागेवर आहे याची खूण. काही मिनिटे हात हलला नाही की ठिपका मालवतो. विचार करायला थांबलेला मनुष्य या चित्रात गैरहजर ठरतो. परिणामी माऊस आपोआप हलवत ठेवणारी छोटी उपकरणे बाजारात विकली जाऊ लागली. खूण राखणे हेच काम झाले. थ्री माइल आयलंडचा दिवा अनवधानाने खोटा ठरला होता. हा ठिपका खोटा ठरावा अशी व्यवस्थाच त्याच्या वापरात दडलेली आहे, कारण ज्याचे चित्र काढले जाते त्याला ते चित्र दिसते आणि त्याच्यावर आपली भाकरी अवलंबून आहे हेही कळते. प्रोसेसला हे कळत नाही. चित्राने यंत्र बदलत नाही, माणूस बदलतो.

यावर कोणी म्हणेल की मग दाखवणेच सोडावे काय? तसे करता येणार नाही. ज्या यंत्रांवर रुग्णालये, रेल्वे आणि कोट्यवधींचे व्यवहार चालतात त्यांच्या पोटातील कामे कोणाच्या तरी जाणिवेत असली पाहिजेत, आणि ओळीमागून ओळ नोंदी वाचत बसणे मनुष्याच्या आवाक्यातले नाही. प्रश्न दाखवावे की नाही हा नाही. दाखवल्याने पाहणारा वस्तूकडे जातो की वस्तूपासून दूर राहतो, हा आहे. दोरी गरगरू लागली की कार्यालयातला माणूस उठून काय झाले ते विचारी. ठिपका थांबला तेव्हा इस्रोच्या शास्त्रज्ञांनी नोंदी उघडल्या. उलट भिंतीवरचा हिरवा चौकोन पुष्कळदा विचारण्याची गरजच संपवतो, आणि नावाशेजारचा मालवलेला ठिपका विचारण्याआधीच निवाडा देऊन टाकतो.

या कसोटीतून दोन बंधने निघतात. दर्शक घडवणाऱ्याने आपला दिवा आज्ञेला जोडलेला आहे की स्थितीला, हे पाहणाऱ्यापासून लपवू नये. आणि जेथे चालणारे काम माणसाचे आहे तेथे चित्राचा आधार घेण्यापूर्वी त्या माणसाला विचारावे. रात्रपाळीत पडद्यासमोर बसलेल्या चालकाचा ठिपका पंधरा मिनिटे मालवलेला राहिला, तर तो झोपला असेल, चहाला गेला असेल, किंवा एखादी न उलगडणारी गोष्ट डोक्यात घोळवत असेल. यांतले कोणते, हे ठिपक्याला माहीत नाही. ते त्याच्या टेबलापर्यंत चालत गेल्यावरच कळते.