लहान की स्वतंत्र?

अमेरिकेतल्या ब्रुअर्स असोसिएशन या संघटनेच्या व्याख्येनुसार क्राफ्ट ब्रुअरी लहान असावी लागते आणि स्वतंत्र असावी लागते. स्वतंत्र म्हणजे स्वतः क्राफ्ट ब्रुअर नसलेल्या मद्यकंपनीचा तिच्यातला वाटा २५ टक्क्यांहून कमी. लहान म्हणजे वर्षाला जास्तीत जास्त ६० लाख बॅरल उत्पादन. तिथला बॅरल सुमारे ११७ लिटरचा. म्हणजे ही मर्यादा ७० कोटी लिटरच्या घरात जाते. एवढी बिअर बनवणाऱ्या कारखान्याला लहान म्हणायला धाडसच हवे. पूर्वी ही मर्यादा २० लाख बॅरलची होती. सॅम्युएल ॲडम्स बनवणारी बॉस्टन बिअर कंपनी तिच्या जवळ पोहोचली, तेव्हा २०११च्या सुमारास ती तिप्पट करण्यात आली. सभासद मोठा झाला म्हणून लहानपणाचे माप वाढवले गेले. त्यामुळे या व्याख्येतली पहिली अट शोभेची आणि दुसरीच खरी, असे वाटणे स्वाभाविक आहे.

क्राफ्ट बिअरचा इतिहास अनेकदा सांगून झाला आहे. फ्रिट्झ मेटॅग यांनी १९६५ साली सॅन फ्रान्सिस्कोतली डबघाईला आलेली अँकर ब्रुअरी घेतली. जॅक मॅकऑलिफ यांनी १९७६ साली सोनोमात न्यू ॲल्बियन काढली. अध्यक्ष कार्टर यांच्या सहीने १९७८ साली घरी बिअर बनवण्यावरची केंद्रीय बंदी उठली. १९८० साली सिएरा नेवाडा सुरू झाली. सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस त्या देशात शंभराहून कमी ब्रुअऱ्या उरल्या होत्या, आज नऊ हजारांहून जास्त आहेत.

या बिअरची गोडी नेमकी कशात आहे, हा त्याहून अवघड प्रश्न. वैविध्य हे एक उत्तर झाले. गव्हाच्या जर्मन धाटणीच्या बिअरमध्ये केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो, तो यीस्टमुळे. त्यात केळे नसते आणि लवंगही नसते. कॅस्केड जातीच्या हॉप्सनी अमेरिकन पेल एलला चकोतऱ्याच्या सालीचा गंध दिला. पण वैविध्य बाटलीत भरून कुठेही पाठवता येते. ताजेपणा तसा पाठवता येत नाही. हॉप्समधली सुगंधी तेले उडून जातात, बाटलीत शिरलेला थोडासा ऑक्सिजनही काही महिन्यांत बिअरला ओल्या पुठ्ठ्याची चव आणतो आणि पारदर्शक किंवा हिरव्या बाटलीवर ऊन पडले तर उग्र दर्प यायला फार वेळ लागत नाही. पाश्चरीकरण न केलेली बिअर उष्ण हवेत आणखी लवकर बिघडते. नीरेप्रमाणे तिचेही मोल वेळेवर ठरते, फक्त घटका लांब असतात.

व्याख्येतल्या स्वातंत्र्याच्या अटीवर ग्लासवाद्यांचा आक्षेप ठरलेला आहे. ग्लासवादी म्हणजे, ग्लासात आहे तेवढेच खरे, मालक कोण याच्याशी जिभेला कर्तव्य नाही, असे म्हणणारा पिणारा. त्याची बाजू मुळीच कच्ची नाही. हलकी लागर बनवणे हे ब्रुअरच्या कामातले सर्वांत निर्दय काम आहे, कारण दोष झाकायला तिच्यात हॉप्सचा कडवटपणा नसतो आणि भाजलेल्या माल्टचा खमंगपणाही नसतो. डझनभर कारखान्यांत एकाच चवीची लागर वर्षानुवर्षे काढणे ही मोठ्या कंपनीची कारागिरीच आहे. उलट लहान ठिकाणी आंबवण घाईने उरकले की बिअरला लोण्याचा वास राहतो, आणि तोही पुष्कळदा शैली म्हणून खपवला जातो. शिकागोची गूस आयलंड ही क्राफ्ट ब्रुअरी २०११ साली बडवायझर बनवणाऱ्या आन्हायझर-बुश इनबेव्हने ३.८८ कोटी डॉलरला घेतली. बर्बनच्या पिंपात मुरवलेल्या तिच्या स्टाउटसाठी रांगा त्यानंतरही लागत राहिल्या. जिभेला कर्तव्य नाही, हे इथवर मान्य करायला हरकत नाही.

पण ग्लासात काय येणार, हे ग्लास पुढे येण्याआधीच ठरलेले असते, याचा ग्लासवाद्याला विसर पडतो. दारूबंदी उठल्यानंतर अमेरिकेत उत्पादक, वितरक आणि विक्रेता अशी तीन पायऱ्यांची व्यवस्था आली. आन्हायझर-बुशने २०१५च्या अखेरीस वितरकांपुढे अशी योजना ठेवली की ज्यांच्या विक्रीत ९८ टक्के माल तिचाच असेल, त्यांना जाहिरातखर्चात घसघशीत परतावा मिळेल. पुढच्या वर्षी तिला सॅबमिलर या प्रतिस्पर्धी कंपनीच्या खरेदीची मंजुरी देताना न्याय विभागाने अशा योजनांना लगाम घातला, यावरून त्या योजनेचे वजन कळते. त्याच २०१५च्या फेब्रुवारीत सुपर बोलच्या वेळी दाखवलेल्या बडवायझरच्या जाहिरातीत भोपळा आणि पीच घातलेल्या बिअरची टर उडवली होती. गंमत अशी की सिॲटलची एलिसियन ही ब्रुअरी विकत घेत असल्याचे त्याच कंपनीने आठवडाभर आधी जाहीर केले होते, आणि भोपळ्याची व पीचची बिअर एलिसियनने खरोखर केलेली होती. चेष्टा करणारा आणि चेष्टेचा विषय एकाच हिशेबवहीत आले!

वितरणाचा हा महिमा जुना आहे. इंडिया पेल एल मुंबई-कलकत्त्याच्या लांब समुद्रप्रवासात टिकावी म्हणून हॉजसन नावाच्या लंडनच्या ब्रुअरने शोधली, ही कथा लोकप्रिय असली तरी तिला आधार नाही. हिंदुस्थानात पोर्टर ही गडद बिअरही भरपूर येत होती आणि टिकत होती. हॉजसनची खरी सोय अशी की त्याची बो इथली ब्रुअरी ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांच्या गोदीजवळ होती आणि जहाजांच्या कप्तानांना तो दीर्घ मुदतीची उधारी देत असे. पुढे त्याच्या वारसांनी उधारी आखडली आणि कप्तानांना वगळून स्वतःच माल पाठवायला सुरुवात केली, तेव्हा १८२०च्या दशकात इंग्लंडमधल्याच बर्टन गावच्या ऑलसॉप या ब्रुअरकडे तशीच बिअर बनवण्याची विचारणा झाली. थोड्याच काळात बाजार बर्टनकडे गेला.

वितरणाच्या याच निकषावर अमेरिकन व्याख्या पुन्हा तपासली, तर तिची दुसरी अटही डळमळते. देशभर बाटल्या पाठवणारी, पूर्णपणे संस्थापकाच्या मालकीची ब्रुअरीसुद्धा वितरकाच्या ट्रकवर आणि दुकानातल्या फळीवर अवलंबून असते. तिचे स्वातंत्र्य भागधारकांच्या यादीपुरते. तेही टिकाऊ नसते. मेटॅग यांनी अँकर २०१० साली विकली, २०१७ साली ती सप्पोरोकडे गेली आणि २०२३ साली बंद पडली. याउलट बनवते तिथेच, स्वतःच्या टॅपवरून बिअर वाढणाऱ्या ब्रुअरीला फळी लागत नाही, वितरकही लागत नाही. तिथे स्वातंत्र्य लहानपणातूनच येते, आणि ताजेपणाही. म्हणजे संघटनेने सैल केलेली अटच खरी कामाची होती. मालकीची टक्केवारी तिच्यापुढे दुय्यम ठरते.

भारतात हे लहानपण परवान्यानेच ठरते. महाराष्ट्रातली पहिली मायक्रोब्रुअरी, डूलाली, २००९ साली पुण्यात सुरू झाली; पुढे पुण्यातल्या ब्रुअरांनी कोकम घालूनही बिअर केली. कर्नाटकच्या धोरणात मुळात बनवली तिथेच विकण्याची अट होती, आणि बंगळूरच्या मोठमोठ्या ब्रूपबना तिचा जाच झालेला दिसत नाही. महाराष्ट्रात केग, म्हणजे बिअरची पिंपे, भरून दुसऱ्या बारलाही पाठवता येतात. त्यामुळे ब्रुअरीला स्वतःचा बार थाटण्याची सक्ती उरत नाही आणि पिणाऱ्याला आपल्या गल्लीत पर्याय मिळतो. मात्र गाडीतली थंडी, बारमधल्या नळ्यांची सफाई आणि टॅप कोणाला द्यायचा याचा निर्णय ब्रुअरच्या हाताबाहेर जातो. ताज्या बिअरची आवड असणाऱ्याने केग कधी भरला हे बारमध्ये विचारावे. मालक कोण, हे त्यानंतर विचारले तरी चालते.