वाट कोणी पाहायची?

जेवणाचे पैसे घेतले की अतिथिधर्म संपतो का? बंगळूरच्या मारतहळ्ळीत पोळी-भाजीची खानावळ चालवते, त्यामुळे हा प्रश्न मला पोथीत भेटत नाही, रोज दुपारी गल्ल्यावर भेटतो. आउटर रिंग रोडवरच्या ऑफिसांतली माणसं आणि मागच्या गल्ल्यांतल्या पीजीत राहणारी लातूर-जळगावची पोरं, सगळ्यांना एकला एकदमच भूक लागते. सुट्टी अर्ध्या तासाची, त्यातली निम्मी ट्रॅफिकमध्ये जाते. अशा माणसाला आग्रह करकरून तिसरी पोळी वाढत बसणं म्हणजे प्रेमाने केलेला छळच.

म्हणून आम्ही टेबलांवर क्यूआर लावले. फोनवरून ऑर्डर आली की आत केओटी, म्हणजे स्वयंपाकघरासाठीची ऑर्डरची चिठ्ठी, छापून निघते आणि भाकरीवाल्या मावशी पीठ मळायला घेतात. पूर्वी वाढपी ऑर्डर ऐकायचा, आत जाऊन ओरडायचा, पुन्हा बाहेर येऊन हिशेब लिहायचा. आता तो ताकाचं भांडं घेऊन टेबलांमधून फिरतो आणि कोणाच्या ताटात काय संपलंय ते बघतो. यंत्र आल्यावर आपुलकी आटते असं म्हणणाऱ्यांनी ही दुपार पाहावी.

वेग म्हणजे अधर्म, हे मला पटत नाही. या शहराने तर वेगाची एक रीतच घालून दिली. १९८३ साली जयनगरात ‘कॅफे दर्शिनी’ सुरू झालं आणि पुढे दर्शिन्या गल्लोगल्ली पसरल्या. पैसे द्या, टोकन घ्या, उभ्याने खा आणि चालू लागा. तिथे साहेब आणि हमाल एकाच उंच टेबलाशी इडली खातात. आपल्याकडे शिर्डीच्या प्रसादालयात २००९ साली ७३ सौर तबकड्या बसवल्या आणि त्यांच्या वाफेवर हजारोंचा स्वयंपाक होऊ लागला. म्हणून तिथल्या प्रसादाला कोणी कमी लेखलेलं नाही.

मग पैशाचं काय? बाराव्या शतकात याच कर्नाटकात बसवण्णांनी कायक आणि दासोह अशी जोडी सांगितली. कायक म्हणजे प्रामाणिक श्रम आणि त्याची कमाई. दासोह म्हणजे त्या कमाईतून सेवकाच्या नम्रतेने वाटणं. श्रमाचा मोबदला घ्यायला त्यांची हरकत नव्हती. बिलात मी पीठ, गॅस, भाडं, पगार आणि माझा नफा लावते. आदर मात्र त्यात लावता येत नाही, आणि नेमका त्याचाच विचार शास्त्रांनी बारकाईने केला आहे. अतिथीला देव मानायला सांगणारं तैत्तिरीय उपनिषद तिथेच न थांबता द्यावं कसं, तेही सांगतं: श्रद्धेने द्यावं आणि देताना थोडा संकोचही वाटावा. गीतेच्या सतराव्या अध्यायात तर तुच्छतेने दिलेलं दान तामस ठरवलं आहे. काय दिलं याइतकंच कसं दिलं यालाही महत्त्व आहे.

मिरजेला माझे आजोबा वैश्वदेव झाला की जेवायला बसण्याआधी ओसरीवर येऊन उभे राहत. विष्णुपुराणात गृहस्थाला तसं सांगितलंच आहे: गाय दोहायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ अंगणात उभं राहून अतिथीची वाट पाहावी. या नियमातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. यात भुकेला थांबत नाही, यजमान थांबतो. अर्थात त्या ओसरीवर कोणाला बसता येत होतं आणि कोणाला अंगणाबाहेरूनच परतावं लागत होतं, तेही मला ठाऊक आहे. क्यूआर जात विचारत नाही, दर्शिनीतलं टोकनही विचारत नाही. त्या बाबतीत यंत्र आमच्या ओसरीपेक्षा पुढे आहे.

पण आज आमच्या दारात वाट कोण पाहतो? आत टेबलावर बसलेला पाहत नाही, त्याचं ताट दहा मिनिटांत येतं. वाट पाहतो पार्सलच्या खिडकीशी हेल्मेट घालून उभा असलेला डिलिव्हरीवाला. तो अनोळखी असतो, ऐन जेवणाच्या वेळी येतो आणि बऱ्याचदा स्वतः उपाशी असतो. अतिथीची शास्त्रातली लक्षणं त्याच्याइतकी कोणालाच लागू पडत नाहीत. दुसऱ्याचं गरम जेवण पाठीवर घेऊन तो निघतो आणि फोनवरचं घड्याळ त्याच्या मागे लागलेलं असतं. कर्नाटकाने २०२५ मध्ये अशा कामगारांच्या सामाजिक सुरक्षेसाठी कायदा केला, ते बरंच झालं. पण बसायला बाक द्यायचा की नाही, ते खानावळवालीलाच ठरवावं लागतं.

आम्ही खिडकीशी बाक टाकला, पाण्याचा माठ ठेवला. ‘ऊटा आयता?’ म्हणजे जेवण झालं का, असं विचारायची या गावची रीतच आहे. ती आम्ही त्यालाही लागू केली. आणि अ‍ॅपवर तयारीची वेळ खरी भरायची असा नियम केला. पंचवीस मिनिटं लागणार असतील तर पंधरा लिहायची नाहीत, कारण ती खोटी दहा मिनिटं उन्हात उभा राहून तो फेडतो. तसंच, मुलाकडे सांगली-साताऱ्याहून आलेले आईवडील क्यूआरकडे नुसते बघत बसलेले दिसले, तर वाढप्याने कागदी मेनू घेऊन स्वतः जायचं. त्यांच्यापुरतं यंत्र बाजूला ठेवायचं.

म्हणून सुरुवातीच्या प्रश्नाला माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. पैसे घेतल्याने अतिथिधर्म संपत नाही. भुकेल्याला ताटकळत ठेवलं आणि त्याकडे पाहिलंही नाही, की संपतो. यंत्र चांगलं की वाईट, हा वाद मला फोल वाटतो. त्याने वाचवलेली मिनिटं कोणाच्या वाट्याला गेली, ते बघावं. ती सगळी टेबलं लवकर रिकामी करण्यात गेली, तर तो नुसता धंदा. माझ्या व्यवसायबंधूंना एवढीच विनंती आहे: नवं सॉफ्टवेअर घ्याल तेव्हा पार्सलच्या खिडकीशी एक बाकही घ्या. त्याचा खर्च कमी आहे आणि त्याला दरमहा वर्गणी भरावी लागत नाही.