घरचं ताट आणि दारची ओंजळ



मार्गशीर्ष पौर्णिमा जवळ आली की मला माझी आजी आठवते. गोरेगावच्या आमच्या चाळीत रोज सकाळी भाताचे तांदूळ धुण्याआधी ती एक मूठ वेगळ्या डब्यात टाकायची. तो डबा 'दाराचा'. चाळीत कुणी बाळंत झालं, कुणाच्या घरी आजारपण आलं, की त्या डब्यातले तांदूळ तिकडे जायचे. घरात आम्ही अकरा माणसं आणि मिळवते एकटे बाबा. तरीही डबा कधी रिकामा नसे.

तेव्हा आमच्याकडे पाण्याचे फार हाल होते. मृणालताई गोरे त्यासाठी इतक्या भांडल्या की 'पाणीवाली बाई' हेच त्यांचं नाव पडलं. 1958 साली त्यांचे यजमान केशव ऊर्फ बंडू गोरे गेले, पदरात लहान मुलगी. तरी 1961 साली त्या महापालिकेवर निवडून आल्या. आजीला त्यांचं भारी कौतुक. 1972 मध्ये महागाईविरुद्ध बायकांचे मोर्चे निघाले, तेव्हा आजीही लाटणं घेऊन गेली. घरात लाटणं एकच! त्या दिवशी आईने एकटीने सगळ्यांच्या भाकऱ्या थापल्या. संध्याकाळी शेजारपाजारचे आजीचं कौतुक करायला आले. आईला कुणी काही विचारलं नाही. मी बारा वर्षांचा होतो, मलाही ते जाणवलं नाही.

जाणवलं ते दहा वर्षांनी. 18 जानेवारी 1982 ला गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. त्यातला एक आमच्याच चाळीतला. त्याच वर्षी बी.कॉम. होऊन मी बँकेत क्लार्क म्हणून लागलो. माझ्या कॉलेजच्या फीसाठी आईने आपल्या पाटल्या गहाण ठेवल्या होत्या. पहिल्या पगारातून त्या सोडवायला सुरुवात करायची, असं ठरलं होतं. पगाराचं पाकीट मी दत्ताच्या तसबिरीपुढे ठेवलं. संध्याकाळी पाहतो तर त्यात दोनशे रुपये कमी. आजीने ते त्या कामगाराच्या बायकोला देऊन टाकले होते. आई एक शब्द बोलली नाही. चार दिवस ती खाली मान घालून जेवली.

आजीचं चुकलं का? हा प्रश्न आज चाळीस वर्षांनंतरही मला सोडत नाही.

गुरुचरित्रात पीठापूरच्या सुमतीची कथा आहे. घरी श्राद्ध, ब्राह्मण अजून जेवायचे, अशा वेळी दारात भिक्षेकरी आला. तिने थांब म्हटलं नाही, भिक्षा घातली. आलेला अतिथी साक्षात दत्तात्रेय होता, आणि पुढे तिच्याच पोटी श्रीपाद श्रीवल्लभ जन्माला आले. ही कथा मी बरीच वर्षं आजीच्या बाजूचा पुरावा म्हणून वाचत आलो. दारचा भुकेला थांबू शकत नाही, आणि घरच्या गरजा संपेपर्यंत वाट पाहिली तर त्या कधीच संपत नाहीत. हे खरंच आहे.

पण पुन्हा वाचताना दुसरी गोष्ट दिसली. सुमतीने स्वतःच्या हाताने रांधलेलं दिलं, आणि काही न लपवता नवऱ्याला सांगितलं. तोही संतोषला. ते दान दोघांचं झालं. आमच्या घरात मात्र पुण्य आजीचं आणि झीज आईची, असं झालं होतं. बँकेत आम्ही एक नियम पाळायचो. दुसऱ्याच्या खात्यातून पैसे काढायचे तर त्याची सही लागते, मग काम कितीही पुण्याचं असो.

आजीला हे कुणी शिकवावं लागलं नाही. पाचव्या दिवशी ती आईजवळ जाऊन बसली आणि म्हणाली, "सूनबाई, दान माझं आणि उपास तुझा, असं झालं गं. पुन्हा नाही व्हायचं." त्यानंतर डब्यात मूठ टाकताना ती रोज विचारायची, "घालू ना गं?" आईने एकदाही नाही म्हटलं नाही. उलट कधीकधी म्हणायची, "आज दोन घाला." पाटल्या पुढे मी वर्षभरात सोडवून आणल्या. त्या हातात घालताना आई आधी आजीच्या पाया पडली.

मला वाटतं, आजीची खरी सेवा मोर्चात किंवा त्या दोनशे रुपयांत नव्हती. सत्तरी उलटल्यावर सुनेपुढे "चुकलं" म्हणण्यात ती होती. घर आणि दार यांत भांडण नाहीच. घरातल्याला न विचारता दाराशी उदार होण्यात भांडण आहे.

आता चाळीच्या जागी टॉवर आहे. वॉचमन खालीच अडवतो, त्यामुळे दाराशी कुणी येत नाही. पण डबा आमच्याकडे आहे. तांदळाऐवजी त्यात पैसे असतात. पेन्शन जमा झाली की मी सौभाग्यवतीला विचारतो, "घालू ना?" मगच टाकतो. वर्षाकाठी त्यातून एखाद्या मुलीची फी भरली जाते. महाराजांनी झोळी पुढे केली तर दोन हातांनी घालावं, आणि ते दोन्ही हात एकाच माणसाचे नसावेत, एवढीच प्रार्थना.

॥ श्री गुरुदेव दत्त ॥