पूर्वपक्षाचा तास

‘धर्म घरी शिकायचा असतो, त्यासाठी कॉलेजची फी कशाला भरायची?’ मायनर विषय निवडायचे दिवस आले की रायपूरच्या मराठी घरांतून हे वाक्य हमखास कानावर येतं. बी.ए.ला अर्थशास्त्र घेतलेल्या मुलीने मायनरला तत्त्वज्ञान किंवा धर्माचा अभ्यास घेते म्हटलं की वडील आधी तो विषय ‘स्कोअरिंग’ आहे का ते विचारतात. मग घरातलं वडीलधारं कोणीतरी हे वाक्य बोलून चर्चा मिटवतं. ते मायेने बोललेलं असतं, म्हणून त्याला कोणी उत्तर देत नाही. मला ते द्यायचं आहे, कारण त्या वाक्यातल्या गफलतीची किंमत आपण सगळे मोजत आलो आहोत.

आधी मायनर म्हणजे नेमकं किती, ते पाहू. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये दिलेल्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीला १२० क्रेडिट्स आहेत, त्यांतले २४ मायनरचे. एका क्रेडिटला पंधरा तास धरले तर ३६० तास. प्रत्येक विद्यापीठाची मांडणी वेगळी, कुठे त्याला जेनेरिक इलेक्टिव्ह म्हणतात. पण विशीच्या आतबाहेरच्या मुलामुलीच्या आयुष्यातले साडेतीनशे तास ही फुटकळ गोष्ट नाही. हे तास नोकरीच्याच कामी लावा म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो की नोकरीसाठी मेजर आहे, स्किलचे पेपर आहेत, इंटर्नशिप आहे, तेवढं पुरे.

मायनरचे तास धर्माच्या अभ्यासाला का द्यावेत, ते गुढियारीच्या एका प्रसंगावरून सांगतो. गुढियारी म्हणजे रायपूर स्टेशनच्या रुळांपलीकडची वस्ती. जानेवारी २०२३ मध्ये तिथल्या दहीहंडी मैदानावर देशभरच्या वाहिन्यांचे कॅमेरे येऊन थांबले होते. बागेश्वर धामचे धीरेंद्र कृष्ण शास्त्री तिथे रामकथा सांगत होते. त्याआधी नागपुरात रेशीमबागेत त्यांची कथा झाली, तेव्हा अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या श्याम मानवांनी त्यांना दिव्यशक्ती सिद्ध करण्याचं आव्हान दिलं आणि तीस लाखांचं बक्षीस लावलं. शास्त्री म्हणाले रायपूरला या. मानव म्हणाले चाचणी नागपुरातच व्हायला हवी. त्या दिवसांत रायपूरपासून पुण्यापर्यंत एकच वाद चालला होता: चमत्कार खरा की खोटा?

तो प्रश्न अनावश्यक होता असं मी म्हणत नाही. फसवणूक होत असेल तर ती उघडी पडायलाच हवी. महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा काय किंवा छत्तीसगडचा २००५ चा टोनही प्रताडना निवारण अधिनियम काय, दोन्हींच्या मागे माणसांचे, त्यातही बायकांचे, हाल आहेत. पण मैदानात थंडीत तासन्‌तास बसलेली माणसं काय ऐकायला आली होती, हे त्या दिवसांत कोणी विचारलं नाही. छत्तीसगडच्या गावागावांत मानस मंडळ्या तुलसीदासांचं रामचरितमानस गातात. इथे कबीरपंथीयांची दामाखेड्याची गादी आहे, गिरौदपुरीला गुरू घासीदासांचं जन्मस्थान आहे, वल्लभाचार्यांचं चंपारण आहे. या माणसांपैकी प्रत्येकाचं रामाशी असलेलं नातं निराळं आहे आणि त्या नात्यांत आपसात तंटेही आहेत. ‘श्रद्धा की ढोंग’ एवढ्या दोन खणांत ते मावत नाही. सगळंच ढोंग आहे असं ठरवून बसलेल्याला यात शिकण्यासारखं काही दिसणारच नाही, म्हणून त्याच्याशी इथे वाद घालत नाही.

सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत धर्म शिकवता येत नाही, अशीही एक समजूत आहे. संविधानाच्या कलम २८ ने धर्मशिक्षणाला मनाई केली आहे, धर्मांच्या अभ्यासाला नाही. गुरू नानकांच्या शिकवणुकीच्या अभ्यासावरून हा प्रश्न आला तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९७१ सालच्या डी.ए.व्ही. कॉलेजच्या निकालात ते स्पष्ट केलं. हा विषय इथेच संपतो.

आता घराविषयी.

घराने मला काय दिलं हे मी विसरलेलो नाही. हरिपाठ घराने दिला, एकादशी घराने दिली, गीतेचा पंधरावा अध्याय अर्थ कळायच्या आधी पाठ करून घेतला तो घरानेच. हे विद्यापीठ देऊ शकत नाही आणि त्याने तसा प्रयत्नही करू नये. पण त्याच गीतेवर शंकराचार्यांनी संन्यासपर भाष्य केलं, ज्ञानेश्वरांनी तिला भक्तीची वाट दिली आणि टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात बसून संन्यासपर अर्थाचा एकेक मुद्दा घेऊन खंडन केलं, हे मला घराने सांगितलं नाही. ‘गीतारहस्य’ मात्र आमच्या कपाटात होतं, बासनात बांधलेलं, दसऱ्याला पूजेला काढलं जाणारं. त्याचा हिंदी अनुवाद ज्यांनी केला ते माधवराव सप्रे याच रायपूरचे मराठी गृहस्थ. एका मराठी माणसाने छत्तीसगडात राहून हिंदी वाचकापुढे हा सगळा वाद उलगडून ठेवला आणि आम्ही त्या पुस्तकाला हळदकुंकू वाहत आलो. घर आचार देतं. आचाराच्या पोटात असलेला वाद देणं घराला जमत नाही, कारण घराला सगळ्यांना एका पंगतीत बसवायचं असतं. ते घराचं काम आहे आणि ते त्याने करावं.

शिवाय ज्या घराचा हवाला दिला जातो ते घर आता उरलंय का, हेही पाहावं. आजोबांच्या जागी फोन आला आहे. कथावाचकाची वीस सेकंदांची फीत, तिला उत्तर देणारी दुसरी फीत आणि दोन्हींखाली शिव्या. मुलं धर्म घरात बसून शिकतात हे खरं, पण घराकडून शिकत नाहीत.

आणि घर शिकवतं ते स्वतःपुरतं. मे २०२४ मध्ये गिरौदपुरीजवळच्या अमरगुफेत सतनामी पंथीयांच्या जैतखामाची तोडफोड झाली. १० जूनला बलौदाबाजारला निदर्शनं पेटली आणि जिल्हाधिकारी कार्यालयाला आग लागली. त्या संध्याकाळी रायपूरच्या सुशिक्षित घरांतून ‘हे जैतखाम म्हणजे काय असतं?’ असं विचारलं जात होतं. ज्या पंथाची माणसं आपल्या वर्गात, कचेरीत, गल्लीत आहेत, त्याच्या सर्वांत पवित्र खुणेचं नाव जाळपोळीच्या बातमीतून कळावं, ही त्या घरांची चूक नाही. शेजाऱ्याचा पंथ शिकवण्याची जबाबदारी कुठल्याच घराने कधी घेतलेली नव्हती. मग ती कोणी घ्यायची?

‘घरी शिका’ म्हणणारे शेवटी एक वजनदार मुद्दा काढतात: धर्म अनुभवाने कळतो, बाहेरून पाहणाऱ्याला कधीच कळत नाही. यातला अर्धा भाग मला मान्य आहे. प्रार्थनेची परीक्षा घेता येत नाही. पण आपल्याकडे धर्म केवळ अनुभवातून आला, हा इतिहास कुणाचा? वाईच्या प्राज्ञपाठशाळेत केवलानंद सरस्वतींच्या हाताखाली लक्ष्मणशास्त्री जोशी न्याय शिकले, १९२३ साली कलकत्त्याहून तर्कतीर्थ झाले. येरवड्याच्या तुरुंगात गांधीजी अस्पृश्यतेविरुद्ध शास्त्राधार शोधत होते तेव्हा त्यांच्या मदतीला हेच शास्त्रीबुवा गेले. सनातन्यांचं म्हणणं सनातन्यांहून नेटकं मांडता येत होतं, म्हणून त्यांना ते खोडता आलं. ही विद्या त्यांच्या पिंपळनेरच्या घरात मिळाली नव्हती. तिच्यासाठी घर सोडून पाठशाळेत जावं लागलं.

आणि ही केवळ शास्त्र्यांची विद्या आहे असंही कुणी समजू नये. महानदीच्या काठच्या गावांत रामनामी पंथ आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला, अस्पृश्य ठरवलेल्या आणि देवळांची दारं बंद असलेल्या समाजातून तो उभा राहिला. जुन्या रामनामींनी अंगभर, काहींनी तर पापण्यांपर्यंत, ‘राम’ गोंदून घेतलं. भजनाला बसताना ते रामनामाची चादर पांघरतात, डोक्याला मोरपिसांचा मुकुट घालतात. पण मला या गोंदणापेक्षा त्यांचं भजन महत्त्वाचं वाटतं. रामनामाचा गजर चालू असताना मध्येच एकजण मानसातली चौपाई घालतो, दुसरा तिला दुसऱ्या चौपाईने उत्तर देतो. या सामन्याला ते टक्कर म्हणतात. आणि चौपाया निवडून घेतलेल्या असतात: भक्तीच्या, नामाच्या घ्यायच्या, जातीचा मोठेपणा सांगणाऱ्या सोडायच्या. निरक्षर म्हणून हिणवलेल्या माणसांनी एका महाग्रंथाची चिकित्सा केली, तीही गात गात, त्याच ग्रंथावर प्रेम करत. अनुभव आणि वाद एकमेकांचे वैरी आहेत असं ज्यांना वाटतं त्यांनी हे भजन एकदा ऐकावं. या पंथावर २००२ साली रामदास लॅम्ब या अमेरिकी प्राध्यापकाने ‘रॅप्ट इन द नेम’ हे पुस्तक लिहिलं. ते स्वतः आधी काही वर्षं भारतात साधू म्हणून राहिले होते. रायपूरच्या बी.ए.च्या मुलीला हा पंथ तिच्या अभ्यासक्रमातून भेटायला हवा की हवाईतल्या विद्यापीठातून आलेल्या पुस्तकातून?

इथवर माझ्याशी सहमत झालेल्यांशी मात्र माझा खरा मतभेद पुढे आहे. धर्माचा अभ्यास हवा हे राधाकृष्णन आयोगाने १९४९ मध्येच सांगितलं होतं: पहिल्या वर्षी बुद्ध, येशू, महंमद, कबीर, नानक यांची चरित्रं, दुसऱ्या वर्षी सर्वांना पटतील असे धर्मग्रंथांतले उतारे, तिसऱ्या वर्षी धर्माच्या तत्त्वज्ञानातले मुख्य प्रश्न. कोठारी आयोगाने (१९६४–६६) धर्मशिक्षण आणि धर्मांविषयीचं शिक्षण यांत फरक केला. आजही तोच फरक सांगून लोक थांबतात. मला तो अपुरा वाटतो. धर्मांविषयीच्या शिक्षणातही दोन जाती आहेत. एक परिचयाचा अभ्यास, दुसरा वादाचा.

परिचयात धर्म एकेक करून येतात: संस्थापक, ग्रंथ, सण, शिकवण. सगळे सभ्य, सगळे सारखे, एकमेकांकडे न पाहणारे. ‘सर्वांना पटतील असे उतारे’ निवडले की नेमकं तेच वगळलं जातं ज्यावरून माणसं भांडली आणि ज्यातून पंथ जन्मले. असा पेपर दिलेला विद्यार्थी सर्व धर्म एकच सांगतात असं म्हणत बाहेर पडतो आणि पहिल्या दंगलीत त्याला काहीच सुचत नाही.

वादाच्या अभ्यासात पूर्वपक्ष मांडावा लागतो. प्रतिपक्षाचं म्हणणं त्याला स्वतःला मान्य होईल अशा शब्दांत आधी मांडायचं, त्यातली सगळ्यांत बळकट बाजू घ्यायची, मग उत्तर द्यायचं. आपल्या दर्शनांचे ग्रंथ याच रीतीने लिहिले गेले. दोन प्रश्नपत्रिका डोळ्यापुढे आणा. एकीत विचारलं आहे: ‘छत्तीसगडमधील प्रमुख पंथांची थोडक्यात माहिती लिहा.’ दुसरीत: ‘रामनामी मानसातल्या काही चौपाया घेतात, काही सोडतात. याचं समर्थन रामनामीला पटेल असं लिहा. मग संपूर्ण मानस प्रमाण मानणाऱ्या कथावाचकाची हरकत त्या कथावाचकाला पटेल अशी लिहा. शेवटी तुमचं मत.’ पहिल्या प्रश्नाचं उत्तर आदल्या रात्री गाईडमधून पाठ होतं. दुसऱ्याचं होत नाही. दुसरं उत्तर लिहिणारी मुलगी आस्तिक आहे की नास्तिक, याने गुणांत फरक पडत नाही. तिला ज्याचा राग येतो त्याच्या जागी काही वेळ प्रामाणिकपणे उभं राहता आलं की नाही, एवढंच तपासलं जातं. गुढियारीच्या मैदानावरून आठवडाभर चाललेल्या वादात ही एक गोष्ट कुणालाच जमली नाही, कथेच्या बाजूलाही नाही आणि विरोधकांनाही नाही.

ही क्षमता समाजात नसली की काय होतं याचं उदाहरण आपल्याच भागात आहे. गजानन माधव मुक्तिबोध १९५८ पासून राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात शिकवत होते. घरात मराठी बोलणारा हा हिंदीचा मोठा कवी. त्यांच्या ‘भारत : इतिहास और संस्कृति’ या पाठ्यपुस्तकावर मध्यप्रदेश सरकारने १९६२ मध्ये बंदी घातली. त्या पुस्तकाला उत्तर देणारं दुसरं पुस्तक लिहिता आलं असतं. पूर्वपक्ष-उत्तरपक्षाच्या देशात ते कुणाला सुचलं नाही. दोन वर्षांनी मुक्तिबोध गेले.

असं शिकवणारे शिक्षक कुठून आणायचे, हा प्रश्न उरतो. धर्म-अध्ययनाचे स्वतंत्र विभाग आपल्याकडे मोजकेच. पतियाळाच्या पंजाबी विद्यापीठात १९६७ पासून आहे. इतरत्र विद्यार्थ्याला तत्त्वज्ञान, इतिहास, संस्कृत, पाली, समाजशास्त्र यांचे पेपर जोडून आपला मायनर उभा करावा लागतो. मला ही अडचण फार मोठी वाटत नाही. न्याय शिकलेला संस्कृतचा एक अध्यापक आणि पंथांमध्ये जाऊन राहिलेली समाजशास्त्राची एक अध्यापिका एका वर्गात आले तरी काम सुरू होतं.

म्हणून यंदा फॉर्म भरणाऱ्या मुलामुलींना माझी एक विनंती आहे. मायनरचं नाव पाहून खूण करू नका. विभागात जाऊन गेल्या दोन वर्षांच्या प्रश्नपत्रिका मागून घ्या आणि वाचा. ज्याच्याशी तुमचं पटत नाही त्याची बाजू मांडायला लावणारा एक तरी प्रश्न त्यांत असेल, तर घरच्यांची समजूत काढा आणि धर्माचा अभ्यास घ्या. सगळे प्रश्न ‘थोडक्यात माहिती लिहा’ असेच असतील, तर घेऊ नका, इतिहास घ्या.